काढले, पण मारले नाहीत

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. मोठा चार वर्षांचा होता आणि धाकटी पोटात होती, म्हणून साल पक्कं आठवतं.

आमचं घर वस्तीच्या टोकाला. मागे पत्र्याचा गोठा, मातीत रचलेली दगडी भिंत, दावणीला तीन गावठी गाई. यांची टपालखात्यात नोकरी, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे शेण, वैरण, धार सगळं माझ्या गळ्यात. संध्याकाळी धारेआधी गोचीड काढायचे, तेही माझंच काम. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कासेच्या मागे. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढे फुगलेले असत. चिमटीत धरायचा आणि ओढायचा. यांनी खांबाला रॉकेलचा डबा टांगून दिला होता, काढलेला गोचीड त्यात टाकायचा. पण मोठ्याच्या वेळी रॉकेलच्या वासाने मला मळमळायचं. तेव्हा मी डबा बाजूला ठेवला आणि काढलेले गोचीड कोपऱ्यातल्या भिंतीकडे भिरकावू लागले. मूल झालं, वासाचंही काही वाटेनासं झालं, तरी हाताची सवय राहिली. ठेचायचे तर बोटं रक्ताने बरबटायची. एवढं कोण करत बसणार?

त्या वर्षी वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, एक ट्रंक घेऊन माहेरी आल्या. सासरी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं, ते मात्र सगळ्यांना दिसत होतं. महिन्याभरात त्यांनी बांगड्या मोडून एका मोठ्या डेअरीतून गाय आणली. संकरित, काळीपांढरी, सहा महिन्यांची गाभण.

"ही व्याली की बसस्टँडमागची खोली घेते," त्या म्हणाल्या. "दुधाची घरं बोलून ठेवलीत."

"इथेच राहा की. तुला कोण हाकलतंय?" हे म्हणाले.

"कोणी हाकलत नाही, म्हणून तर."

सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "वासरू होईपर्यंत बघू. तुझं दूध सुरू झालं तर झालं. नाहीतर जावयांचं पत्र आलंय, मुकाट्याने नांदायला जायचं."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

गोठ्यात जागा एकच उरली होती, कोपऱ्यातली. गाय तिथे बांधली. दिवसातून चार वेळा वन्सं तिच्यापाशी जाऊन बसत. मी चेष्टा करायची, "वन्सं, डोहाळे तिला लागलेत की तुम्हाला?" त्या हसायच्या. त्यांना हसताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

दीड महिन्याने एका सकाळी गाईने वैरणीला तोंड लावलं नाही. कान गरम, डोळ्यांतून पाणी. दुपारी ती मुतली तर मूत कोऱ्या चहासारखं. वन्संनी माझा हात घट्ट धरला. हे सायकल काढून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टर बुटके, कायम दमलेले. त्यांनी ताप पाहिला, पापणी उलटून पाहिली. आत पांढरंफटक होतं. कानाची शीर टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला.

"गोचिडाचा ताप दिसतोय. गोचिडातून जंतू रक्तात जातो आणि रक्त फोडतो. तेच लघवीतून येतंय. गोचीड आहेत का गोठ्यात?"

"रोज काढते की," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"काढता हो. मारता का?"

मी बोटं पदराला पुसली.

"काढून टाकता कुठे?"

मी कोपऱ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी एक काडी घेतली आणि भिंतीच्या फटीत फिरवली. काडीच्या टोकाला तपकिरी, चिकट गोळा आला, ओल्या खसखशीसारखा.

"ही अंडी. फुगलेली मादी खाली पडली की दोनतीन हजार घालते. तिच्या अंगात रोग असला तर तो पिल्लांतही उतरतो. पिल्लं भिंतीवर चढून वाट बघतात, पहिलं जनावर येईल त्याला चिकटतात."

"पण आमच्या तिघींना कधी काही झालं नाही," हे म्हणाले.

"त्यांना वासरं असतानाच येऊन गेलं असेल. त्या सोसतात. ही सिमेंटच्या गोठ्यातून आलेली, हिने गोचीड कधी पाहिला नसेल."

सासूबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. "आम्हाला वाटायचं, सून रोज गोचीड काढते," त्या म्हणाल्या. "सुनेने तर पाळणाघर काढलं होतं."

हे हसले आणि लगेच थांबले. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. लांबचा हिशेब मनात जुळवताना माणूस बघतं तसं.

"गाय वाचेल," सुई टोचताना डॉक्टर म्हणाले. "पोटातल्याचं सांगता येत नाही."

चार दिवस आम्ही दोघी आळीपाळीने तिला गुळाचं पाणी पाजत होतो. "वन्सं, माझं चुकलं," मी एकदा म्हणाले. त्या म्हणाल्या, "पातेलं धर नीट, सांडतंय." पाचव्या दिवशी दुपारी गाय गाभडली. कालवड होती. वन्संनी ती स्वतः गोणपाटात गुंडाळून मागे पुरली, हातपाय धुतले, आणि ट्रंक भरायला घेतली.

"पुन्हा गाभण राहील हो," मी म्हणाले. "वर्षभर थांबा. मी बोलते सासूबाईंशी."

"बोललीस?"

नव्हते बोलले. नंतरही बोलले नाही. माझं तोंड कुठे होतं बोलायला?

गाय आमच्याकडेच राहिली. मी भिंतीच्या सगळ्या फटी जाळल्या, सिमेंटने लिंपल्या, रॉकेलचा डबा पुन्हा टांगला. पुढच्या वर्षाअखेर ती व्याली, तेव्हा मी वन्संना कार्ड टाकलं. उत्तर आलं, "दूध मुलांना द्या. इथे आता जमलं आहे."

सासूबाई शहात्तर साली गेल्या. शेवटचे दोन आठवडे लेकीलाच हाक मारत होत्या. डॉक्टरांची बदली झाली, पुढे काही कळलं नाही. ती गाय आमच्या दारात सहा वेळा व्याली, म्हातारी होऊन मेली. हे निवृत्त झाल्यावर आम्ही उरलेल्या गाई विकल्या. धाकटी परदेशात असते, तिला यातलं काहीच ठाऊक नाही.

वन्सं एकतीस वर्षं सासरी नांदल्या. लग्नाकार्याला यायच्या, माझ्याशी नीट बोलायच्या, मुलांची चौकशी करायच्या. गोठ्याकडे मात्र गेल्या नाहीत. त्यांचे यजमान आधी गेले. पुढची चार वर्षं त्या एकट्याच राहिल्या, आणि त्या काळात त्यांनी मला तीनदा लिहिलं, की इकडे ये, सवड काढून. मी गेले नाही.