एकदाच वाजणारी टेप

ग्रंथालयाच्या संग्रहात बाबांच्या व्हायोलिनची एकच टेप होती. ते गेल्यावर मी आणि दादा ती ऐकायला गेलो.

"ताई, टेप कडक झाली आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "एकदाच वाजेल, तीही नशिबाने. वाजेल तेवढी उतरवून घेतो. लावू?"

"राहू दे," दादा म्हणाला. "निदान आहे असं तरी म्हणता येईल."

मी मात्र तंत्रज्ञाकडे पाहून मान डोलावली.

बाबा तारा सुरात लावू लागले. टेप चरचरत सरत होती आणि ते खुंट्या पिळतच होते.

"मैफिलीतही लोकांना असंच ताटकळवायचे," दादा पुटपुटला.

अखेर त्यांचं समाधान झालं. ते खाकरले आणि टेपचे तुकडे पडले.

तंत्रज्ञ ओशाळला. "वाजवणं आलंच नाही. हे एवढंच उतरलंय, ठेवायचं का?"

"ठेवा," दादाच म्हणाला. "त्यांना घाई केलेली आवडत नसे."