माझ्या पाठीवरची गुलाबी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. दोन मैत्रिणी डबघाईला आलेली लाँड्री चालवायला घेतात, कुणाची विजार कुणाच्या घरी पोचते आणि शेवटी सगळं गोड होतं, एवढीच माझी गोष्ट. या वाचनालयात आले तेव्हा शिंपी, नर्सबाई, शाळकरी मुलं, कुणीही मला घरी न्यायचं. माझ्यावर चहाचे डाग पडले. मला त्यांचा अभिमान वाटे.

मग नवी पद्धत आली. मन प्रसन्न करणाऱ्या पुस्तकांची वाचणाऱ्याचं वय काय, तो बाई की पुरुष, यावरून वाटणी झाली. माझ्या पाठीवर गुलाबी चिठ्ठी लागली: ‘तरुण मुलींसाठी’. नेणारे हात कमी झाले.

एके दिवशी नळदुरुस्ती करणारे म्हातारे काका आमच्या कपाटापाशी घुटमळले. त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. ‘काहीतरी हसायचं आणा,’ असं तिनं सांगितलं होतं. त्यांनी मला उचललं.

“काका, हे मुलींचं कपाट आहे,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “नातीसाठी हवंय का?”

काका गडबडले. “हो... नातीसाठीच.”

त्यांना मूलबाळ नव्हतं.

घरी ते उशाशी बसून, ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचायचे. विजारीच्या घोटाळ्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“अहो, थांबू नका. पुढं काय झालं?”

“अगं, पाणी तर पी आधी.”

मी इतकी सुखी कधीच नव्हते. पण गोष्ट संपायच्या आतच मुदत संपली. काका माझी मुदत वाढवून घ्यायला वाचनालयात आले.

“नातीला आवडलं ना?” बाईंनी कौतुकानं विचारलं. “तिला आमच्या वाचनगटात पाठवा की!”

मागं रांगेत त्यांच्याच गल्लीतला दुकानदार होता. तो मोठ्यानं हसला. “नात? यांना कुठली नात! काका, या वयात पोरीबाळींची पुस्तकं वाचता होय?”

सगळे हसले. काकांचे कान लाल झाले. “झालंय वाचून,” असं पुटपुटून त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले.

काही आठवड्यांनी ते पुन्हा आले. सभासदत्व बंद करायचं म्हणाले.

“का हो काका?”

“ऐकणारी गेली,” ते म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

ज्यांच्यासाठी मला राखून ठेवलं होतं, त्या मुलीही आल्या नाहीत. “आम्ही काय वाचायचं ते ठरवणारे हे कोण?” असं म्हणून एकीनं मला परत ढकललं. तिचं काय चुकलं? आता ‘मागणी नाही’ म्हणून मला काढून टाकलं आहे.

मित्रांनो, पुस्तकात काय आहे ते त्याच्यावर खुशाल लिहा. ते कुणी वाचावं, हे मात्र लिहू नका. आणि कुणी कुठलंही पुस्तक नेत असेल तर त्याला हसू नका. माझं कुणी ऐकेल असं मला फारसं वाटत नाही. रद्दीचा गठ्ठा बांधून झाला आहे.