पाणी पिऊन बसलेल्या बायका

मनालीला आजारी मी पाडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समाजसेविका वगैरे म्हणायला नको.

ती नवीन कंडक्टर म्हणून लागली तेव्हा माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. भाईंदर-ठाणे रूटवर पंधरा दिवस तिला माझ्या हाताखाली दिली. तिकिटाचं मशीन तिला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. मग मी तिला शिकवलं काय? मला माझ्या सीनियर बाईंनी शिकवलं तेच. "सकाळी घरी अर्धा कप चहा, डेपोत दोन घोट पाणी. मग ड्युटी संपेपर्यंत तोंड शिवून टाकायचं. घसा सुकला तर लवंग चघळायची." वर माझ्या डबीतल्या चार लवंगा तिच्या हातावर ठेवल्या. वाटलं, केवढी माया केली पोरीवर!

आठ तास. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, गाडीत साठ माणसं आणि बाईनं आठ तास धरून ठेवायचं. याला आम्ही अनुभव म्हणायचो.

मी निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं घेऊन भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या घरी आले. आमचे हे, दत्ताराम, आधीच रिटायर होऊन बसलेले. दोन महिने आम्ही एकमेकांना चहा करून दिला. मग डेपोतून फोन आला, मनाली हॉस्पिटलात आहे. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेलं.

बघायला गेले. हाताला सलाईन, ओठ फुटलेले. मला बघून हसली.

"मावशी, तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर केलं हो मी. तरी असं कसं झालं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. पोरगी खरंच विचारत होती.

डॉक्टरनं सांगितलं, रोज तीन लिटर पाणी प्यायचं, अजिबात धरून ठेवायचं नाही. वीस दिवसांनी ती परत ड्युटीवर जाणार होती. त्याच रूटवर.

आता ऐका. काशीमीऱ्याच्या स्टॉपवर प्रत्येक गाडी कंट्रोल केबिनमध्ये नोंद करायला दहा मिनिटं थांबते. केबिनला लागून बायकांचं शौचालय आहे. गुलाबी टाइल्स, पाण्याची टाकी, सगळं तयार. चौदा महिने कुलूप. का? तर उद्घाटन बाकी. कुणा साहेबांची तारीख मिळत नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा एकच उत्तर, 'प्रक्रिया सुरू आहे.' मुतायला जायची कसली डोंबलाची प्रक्रिया?

चौथा अर्ज लिहिला नाही. प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, वीस लिटरचा जार घेतला आणि त्या कुलपासमोर जाऊन बसले. पुठ्ठ्यावर लिहिलं, 'बायांनो, पोटभर पाणी प्या. मग केबिनमध्ये चावी मागा.'

"या वयात मुतारीसमोर बसणार तू?" हे म्हणाले.

"तरुणपणी बसायला वेळ कुठे होता?"

दुसऱ्या दिवशी हे स्कूटरवर पायाशी दुसरा जार घेऊन हजर. "उन्हात बसू नकोस, एवढं तरी ऐक," म्हणाले आणि माझी खुर्ची सावलीत सरकवून गेले. मग रोजच यायला लागले.

केबिनमध्ये बबन होता. बारा वर्षं माझ्या गाडीचा ड्रायव्हर. कंबर गेली म्हणून त्याला बसायचं काम दिलेलं. चावी त्याच्या डोक्यामागे खिळ्याला टांगलेली.

पहिली गेली वरसाव्याची जिजाबाई, मासळीची पाटी घेऊन. दोन ग्लास पाणी प्यायली आणि केबिनच्या खिडकीला जाऊन भिडली.

"ए बबन, चावी दे."

"साहेबांची ऑर्डर नाही, आजी."

"सायबाची ऑर्डर न्हाय म्हनून माजं पोट थांबनार हाय? बोलव त्याला. हितंच बसून दावते."

अख्खा स्टॉप हसला. बबन कानापर्यंत लाल. तेव्हापासून रोज तीस-चाळीस बायका. गॅरेजवाल्यांच्या बायका, गोडाऊनमधल्या पोरी, कॉलेजच्या मुली. सगळ्या पाणी प्यायच्या, चावी मागायच्या, 'नाही' ऐकून परत जायच्या.

"बाई, माझी दोन वर्षं राहिलीत," बबन एकदा हळूच म्हणाला. "नोकरी घालवणार तुम्ही माझी."

मला कळत होतं. पण मनालीचे दिवसही सरत होते.

ती दुसऱ्या दिवशी यायची होती, त्या दिवशी मी सकाळपासून तीन बाटल्या प्यायले. एरवी मला लागली की मी हायवेपलीकडच्या हॉटेलात जाऊन यायचे, मॅनेजरचं वाकडं तोंड बघत. त्या दिवशी उठलेच नाही. दुपारी दोनला कपाळावर घाम फुटला. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

बबन बाहेर आला. "बाई, हॉटेलात जाऊन या ना."

"नाही."

"हट्ट कशाला करता?"

"बबनभाऊ, वरसाव्याला पुलाच्या अलीकडे तुम्ही गाडी बाजूला घ्यायचात. रोज. उतरून झाडामागे जायचात, येऊन 'चला बाई' म्हणायचात."

"हो. मग?"

"मग काही नाही."

तो उभाच राहिला. दोन गाड्या नोंदीला येऊन थांबल्या, तरी त्याचं लक्ष नाही. शेवटी म्हणाला, "तुम्ही कुठे जायचात?"

"जायचेच नाही."

"बारा वर्षं?"

हा माणूस वाईट नव्हता हो. एका दारुड्यानं माझा हात धरला तेव्हा यानं भर रस्त्यात गाडी उभी करून त्याला खाली उतरवला होता. माझ्या डब्यातली लसणाची चटणी यानं खाल्ली, याच्या घरचे बोंबील मी. पण हा एक प्रश्न त्याला बारा वर्षांत पडला नाही, आणि मलाही तोंड उघडून सांगता आलं नाही. शिव्या घालायच्या तर कुणाला घालू?

बबन आत गेला, चावी घेऊन आला. कुलूप गंजलेलं, फिरेना. शेजारच्या गॅरेजातून ऑइल आणून ओतलं, कंबर धरत खाली बसला, दोन्ही हातांनी पीळ दिला. उघडलं. नळ आधी नुसताच खोकला, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ. त्यानं बादली भरून आत ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"साहेबांनी विचारलं तर?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"बबननं उघडलं म्हणून लिहून देईन. जा घरी, बाई. उद्या या."

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मनालीची गाडी आली. निम्मी झालेली पोरगी. नोंद करून वळली तसा मी तिच्यापुढे ग्लास धरला.

"ड्युटीवर नको, मावशी."

"अख्खा पी. मी चुकीचं शिकवलं तुला. माफ कर मला."

तीस वर्षांत हा शब्द मी कुणाला म्हटला नव्हता, नवऱ्यालाही नाही. मनालीनं माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. ग्लास तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायली. आत गेली.

गाडीतून एक माणूस ओरडला, "अरे मॅडम, कितना टाइम? ऑफिस जाना है!"

केबिनच्या खिडकीतून बबन गरजला, "बाई वापस आएगी तब गाडी छूटेगी! जल्दी है तो रिक्षा पकडो!"

मनाली ते ऐकून घाईघाईत बाहेर आली, बॅगचा पट्टा सावरत पळायलाच लागली. मी तिचं मनगट धरलं.

"हात धुतलेस?"

मान हलवून नाही म्हणाली.

"मग धू. निवांत धू."

ती परत आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.