सुरंगीचा पंचनामा

फाल्गुनातली पहाट. काळोखाचा शेवटचा पदर अजून माडांच्या झावळ्यांत अडकलेला, आणि सुरंगीची झाडं मात्र केव्हाची जागी झालेली. खोडाला कळ्या, फांदीला कळ्या, पान फुटायला जागा नाही तिथेही कळ्या. शुभ्र, सुकुमार, मोत्याएवढ्या. ऊन चढायच्या आत त्या खुडायच्या, गजऱ्यासारख्या वळेसरात ओवायच्या, केसांत माळायच्या. बायकांची बोटं फांद्यांतून भराभर फिरत होती.

आणि गंध! घनदाट गंध, मधुमत्त गंध, उंबरठ्यावरून न विचारता आत येणारा गंध. वेंगुर्ल्याहून येणारी पहिली एसटी वळणावर आली की पेंगणारी माणसं डोळे न उघडता पिशव्या आवरू लागत. त्यांना वाडी आल्याचं कळलेलं असे.

सगळ्या वाडीला तो वास येत होता. फक्त सगुण आरोसकरला येत नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोखेरीज वाडीत कुणाला ठाऊक नव्हती.

सगुणचं नाक म्हणजे वाडीचं वैभव. उत्तुंग, उन्नत, गरुडचंचूसमान नाक! वर्षातले बरेच महिने ते जहाजावरच्या भटारखान्यात असे आणि फाल्गुनात रजेवर घरी येई. गावजेवणाच्या दिवशी सगुण देवळाच्या पायरीवर नुसता उभा राही. दूर मांडवात काळ्या वाटाण्याचं सांबारं रटरटत असे. तो नाक वर करी, डोळे मिटी, आणि म्हणे, मीठ कमी आहे. मीठ कमीच असे. आचारी मनातल्या मनात चरफडत आणि मूठभर मीठ टाकत.

ते नाक गेलं एका परक्या बंदरात.

जहाजासाठी भाजी आणायला तो बाजारात उतरला होता. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस चालली होती. भाषा एकमेकांना कळत नव्हती, म्हणून दोघंही हातवाऱ्यांनी भांडत होते आणि दोघांनाही मजा येत होती. तेवढ्यात कुणीतरी, कसल्या तरी रागाने, बाजाराच्या मधोमध बॉम्ब फोडला. कोथिंबीरवाला गेला. त्याच्यामागची भिंत गेली. सगुण मातीखालून धडधाकट बाहेर आला, हातात जुडी तशीच. ती त्याने नाकाशी नेली. कोथिंबीर गप्प होती.

पुढे सगळंच गप्प होत गेलं. लसूण गप्प, समुद्र गप्प, स्वतःच्या घामाचा सदरा गप्प. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला बसलेल्या धक्क्याने वास गेला, आता हे असंच. सगुण कुणाला काही बोलला नाही. घरी आल्यावर लोकांच्या चेहऱ्यांकडे बघून तो आमटी नासली की नाही हे ठरवू लागला, आणि त्यातही चांगलाच तरबेज झाला.

फक्त बायकोला, सत्यवतीला, फसवणं त्याला जमलं नाही.

त्या नवराबायकोचा एक खेळ होता, लग्नाइतकाच जुना. तो रजेवर येई त्या दिवशी ती सुरंगीचा वळेसर माळून दाराआड लपायची. तो पायवाटेवरूनच हाक द्यायचा, "दाराआड कित्याक उभी रवलंस गे?" ती हसत बाहेर यायची. यंदा ती तशीच उभी राहिली. पावलं आली, उंबरठा ओलांडला, आणि दाराआडच्या बायकोला ओलांडून सगुण सरळ माजघरात गेला.  सत्यवतीने डोळे पुसले आणि चहा टाकला.

विचारायचं ते तिने त्याच दिवशी विचारलं. त्यानेही लपवलं नाही.

सत्यवती नुसती रडत बसणारी बाई नव्हती. परदेशातल्या दहशतवादी हल्ल्यात जायबंदी झालेल्यांना सरकार भरपाई देतं, हे तिला कळलं आणि तिने अर्ज केला. तिला हवी होती एकच गोष्ट: पाडव्यानंतर हा माणूस पुन्हा जहाजावर चढू नये. भरपाई मिळाली तर दोघांचं घरी भागणार होतं. नाही मिळाली तर तो जाणार होता, नाक गेल्याचं लपवत, पुन्हा तसल्याच बंदरांत, तसल्याच बाजारांत.

आता सरकारी दरबारात हाताला भरपाई होती, पायाला होती, डोळ्याला होती, कानाला होती. नाकाचं काय करावं हे कुणाला सुचेना. परदेशी डॉक्टरांचा दाखला होता, पण त्याची लिपी कुणाला वाचता येईना. शेवटी असं ठरलं की, अधिकाऱ्याने जागेवर जावं आणि पंचांसमक्ष नाक तपासावं.

पंचांसमक्ष म्हणजे अख्ख्या वाडीसमक्ष. हे ऐकून सगुणचा चेहरा उतरला.

"वाडीसमोर म्हणू कसो, माका वास येणा नाय?"

सत्यवतीने समजावलं, विनवलं, शेवटी रागावली. तो मान हलवत राहिला. ते होकार देणं होतं की नकार, हे तिला कळलं नाही.

आणि तो दिवस उजाडला. सगुणच्या घरापुढचं सारवलेलं खळं, वर झावळ्यांच्या माटवाची सावली, सावलीत खुर्ची, खुर्चीत परभणीहून बदलून आलेले पांचाळसाहेब. सुरंगीचा वास त्यांनी जन्मात घेतला नव्हता. त्या मधुमत्त, मदोन्मत्त परिमळाने ते एसटीतून उतरल्यापासून शिंकत होते. एक शिंक प्रश्नाआधी, एक प्रश्नानंतर. सरपंच दाजी गिरप यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल सगुणच्या डोळ्यांना बांधला. दाजींच्या बिड्यांनी धुरावलेला तो टॉवेल नाक शाबूत असलेल्या माणसाने सहन केला नसता. सगुण शांत होता. खरं तर तपासणी तिथेच संपायला हवी होती, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

साहेबांनी पहिली डबी उघडली. झाकण किंचित करकरलं. ती डबी सगुणच्या स्वयंपाकघरातली, आणि ते करकरणं त्याच्या ओळखीचं.

"हिंग," सगुण म्हणाला.

वाडीने टाळ्या वाजवल्या. दुसरी पुडी पुढे आली, तशी दाजींची मांजर कुठूनशी धावत येऊन सगुणच्या पायांत घोटाळू लागली, कळवळून ओरडू लागली. सुकट, सगुणने सांगितलं. पुन्हा टाळ्या. तिसरी बाटली उघडताच दाजींनी घाईघाईने बिडी चपलेखाली विझवली आणि चार पावलं मागे सरकले. रॉकेल, सगुणने सांगितलं. टाळ्यांनी माटव दणाणला. टॉवेलखाली ते उत्तुंग, उन्नत नाक अभिमानाने आणखी उंच झालं.

साहेबांनी फाईल मिटली आणि शिंक आवरत सांगितलं, की या गृहस्थांचं नाक आपल्या नाकापेक्षा ठणठणीत आहे. सरकारने भरपाई द्यायची ती कशाची?

टाळ्या विरल्या. सगुणच्या ओठांवरचं हसूही हळूहळू विरलं. आपण जिंकलो, म्हणजे काय केलं, हे त्याला आता कळत होतं. त्याने टॉवेलची गाठ चाचपली आणि हात खाली घेतला.

सत्यवती पडवीत उभी होती. ती आत गेली. सकाळीच ओवलेला, ओल्या फडक्यात ठेवलेला वळेसर तिने केसांत माळला. हातातल्या हिरव्या बांगड्या तिने वर कोपरापर्यंत चढवल्या, वाटण वाटताना चढवते तशा घट्ट. अनवाणी खळ्यात आली. वाडीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. साहेबांना खुणेने सांगितलं, अजून एकदा.

आणि ती नवऱ्यासमोर उभी राहिली. हातभर अंतरावर. श्वास रोखून.

वाडीने श्वास रोखला. दाजींनी मांजर काखेत दाबली. साहेबांनी दोन्ही हातांनी स्वतःचं नाक गच्च धरलं. वळेसरातून गंध झरत होता, गंध उसळत होता, खळ्याच्या काठावरल्या म्हाताऱ्यांनाही त्याने आपापलं लग्न आठवत होतं.

सगुणने कान टवकारले. झाकण नाही. मांजर नाही. चप्पल नाही. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. नाक वर केलं. खूप वेळ तसंच ठेवलं. मग त्या नाकाचा शेंडा थरथरला, आणि तो हरलेल्या, खऱ्या आवाजात म्हणाला,

"समोर कोण नाय, सायबानू. नुसतो वारो आसा."

 बायकांना आधी कळलं, कारण दाराआडचा खेळ त्यांना माहीत होता. एकीने पदर तोंडाला लावला. दाजींच्या काखेतली मांजर निसटली. आणि इतका वेळ कोंडलेली साहेबांची शिंक अशी फुटली, की माटवावरची कावळ्यांची जोडी उडून गेली. शिंकून झाल्यावरही साहेब डोळे पुसत राहिले. मग त्यांनी फाईल उघडली आणि लिहायला घेतलं. वाचून दाखवताना त्यांनी सांगितलं, की आधीची उत्तरं कानांची होती, वास पूर्ण गेल्याची आपली खात्री पटली आहे आणि भरपाई मंजूर व्हावी.

सत्यवतीने हात खाली सोडला. कोपरापाशी अडकलेल्या बांगड्या घसरत मनगटावर आल्या. किणकिणल्या.

सगुणने ती किणकिण ओळखली. त्याने टॉवेल सोडला नाही. पुढे हात केला, चाचपडत, आणि तिने तो हात धरून केसांतल्या वळेसरावर ठेवला.

"वळेसर घातलंस?"

"होय."

"कसो आसा गे वास?"

सत्यवतीने आयुष्यात कधी वासाचं वर्णन केलं नव्हतं. ते खातं त्याच्याकडे होतं.  वाडी वाट बघत राहिली. मग तिने नाक वर केलं, डोळे मिटले, अगदी त्याच्यासारखे, आणि म्हणाली,

"मीठ बराबर आसा."

आधी सगुण हसला, मग वाडी हसली. हसता हसता टॉवेल भिजला. ऊन माटवातून खाली उतरलं, हळदुलं ऊन, हळुवार ऊन. आणि त्याच्या बोटांखाली, वळेसरात, एक कळी उमलली.