आतल्या खोलीतील खुंटी

मित्रांनो, पाठ ताठ करून बसा. मी एक जुनी लाकडी खुंटी आहे आणि माझी गोष्ट मी एकदाच सांगते.

दाराची चौकट घडवून उरलेल्या लाकडातून या घरच्या आजोबांनी मला तासले, तेल पाजले आणि आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाशी ठोकले. आजोबा घड्याळे दुरुस्त करीत. त्यांचा पहिला कोट जिन्यातून चोरीला गेला होता. तेव्हापासून घराचा नियम ठरला, की कामाचा कोट बाहेर राहायचा नाही. तो मान माझा होता. घरच्या कर्त्याचा कोट मी पेलते, याचा मला फार ताठा होता.

आजोबा गेले. त्यांचा मुलगा फरशा कापण्याच्या कामाला लागला. त्याचा कोट जाड, करड्या रंगाचा आणि ओझ्याचा. नियम मात्र तोच राहिला, कारण घर त्याच्या थोरल्या बहिणीच्या हाती होते आणि वडिलांचा शब्द ती खाली पडू देत नसे.

त्याला एक सहा वर्षांची मुलगी होती. एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. बाबाने कोट अडकवला, की ती त्यात शिरून बटणे लावून घेई.

"आज कोट जड का लागतोय?" बाबा विचारी.

"आत कोणी नाही," कोट उत्तर देई.

मग तो तिला कोटासकट कवटाळी. मी त्या दोघांचा भार सहज पेलत असे.

पुढे भिंगरीला खोकला लागला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आत्याने रस्त्याच्या धुळीला दोष दिला आणि खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आई दिवसातून दोनदा कोरडा झाडू मारी. तरी संध्याकाळपर्यंत फळीवर बोटाने नाव लिहिता येई.

"खिडकी बंद आहे, मग ही येते कुठून?" आत्या म्हणाली.

"भिंतीतून झिरपत असेल, वन्सं."

"तुझ्या झाडूतून झिरपत असेल."

मित्रांनो, मला ते ठाऊक होते. दुपारी काचेतून उन्हाची एक तिरीप येई आणि तीत मला सारे दिसे. माणूस नुसता बसला, तरी त्याच्या अंगावरून कातडीचे सूक्ष्म कण झडतात. बाही झटकली, की कपड्याचे तंतू उडतात. चालला, की खाली बसलेले पुन्हा उठते. आणि तो कोट हलला, की दगडाची बारीक पूड ढगासारखी उशीवर उतरे. खिडकी बंद असल्याने तिला बाहेर जायला वाटही नव्हती. पण मला तोंड नव्हते. आणि खरे सांगते, असते तरी मी बोलले नसते. कोट गेला असता, तर माझा मान गेला असता.

एका संध्याकाळी बाबाने विचारले, "आज कोट जड का लागतोय?" कोट काही बोलला नाही. बाबा हसला. त्याने पुन्हा विचारले. मग त्याने बटणे ओढून तोडली. भिंगरीचे ओठ निळे पडले होते.

इस्पितळात ती अकरा दिवस राहिली. घरी आणल्यावर एक परिचारिका तपासायला आली. तिने खोली पाहिली, उशी पाहिली आणि कोटावर दोन बोटांनी हलकेच टिचकी मारली. तिरीप करडी झाली.

"हा इथे का?" तिने विचारले.

"आमच्या वडिलांचा नियम आहे," आत्या म्हणाली.

"वडील काय काम करायचे?"

"घड्याळं दुरुस्त करायचे."

"आणि हे?" तिने बाबाकडे बोट केले.

आत्या पलंगाच्या कडेवर बसली.

त्याच दिवशी बाबाने मला भिंतीतून उपटले आणि बाहेर जिन्यात ठोकले. चिंध्या निघाल्या. झाडूच्या जागी ओले फडके आले. आता बाबा कोट माझ्यावर टाकतो, हातपाय धुतो, कपडे बदलतो आणि मगच आत जातो. पण भिंगरी धावत येत नाही. ती आधी त्याच्या बाह्यांकडे पाहते. तिच्या छातीतील शिट्टी कमी झाली, थांबली नाही. आणि हल्ली बाबाही आत जाण्यापूर्वी पायरीवर बसून खोकतो. तो खोकला घरात कोणाला ऐकू येत नाही. मला येतो.

मित्रांनो, घरात शिरताना दारात थांबा. आपण काय अंगावर घेऊन आलो, ते आधी पाहा. कामाचे कपडे बाहेर ठेवा, खोलीला वारा द्या आणि मगच लेकरांना जवळ घ्या. जुना नियम पाळायचा, तर तो कोणत्या कामासाठी केला होता, हेही विचारा. मी विचारले नाही.

आत्या रोज संध्याकाळी ओले फडके घेऊन जिन्यात येते, मला पुसते आणि कोट आहे ना, हे पाहून जाते. इतकी वर्षे तो उघड्यावर टांगलेला आहे. एकदाही कोणी चोरला नाही.