गणपतीच्या नावची वाट

वल्लरी घरून ऑनलाइन शिकवायला लागली की मुलांच्या स्क्रीनवर तिचे हात मध्येच थिजत आणि आठही मुलं तिच्याकडे नुसती बघत राहत. ऐकू न येणारी मुलं ती. कुणी मानपुरात, कुणी विजय नगरात. तिचे हात हेच त्यांच्याशी बोलणं. आज सकाळी अकरा वाजता संस्थेच्या बाई तिचा वर्ग ऑनलाइन तपासणार होत्या. आजही चित्र अडकलं, तर वर्ग दुसऱ्या कुणाला मिळणार होता.

राजेंद्र नगरात टीव्हीबरोबर इंटरनेटही पुरवणारे केबलवाले गोपीनाथराव तिला पंधरा दिवस एकच उत्तर देत होते. "लाइन एकदम क्लिअर आहे बेटा. टीव्ही बघ ना, कसा चकाचक येतोय!"

"काका, मला येतंय हो सगळं. माझं जात नाहीये ना!" आज सकाळी पोरगी रडकुंडीला आली, तेव्हा कुठे ते दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर नीट बसले.

गल्लीतल्या छत्तीस घरांना आपल्याकडून बाहेर काही पाठवायचं तर एकच अरुंद वाट, आणि ज्याने त्याने आपल्या पाळीला पाठवायचं. त्या वाटेचा अर्धा भाग गणपतीच्या नावावर राखलेला होता. मंडळाच्या हॉलमधून आरती थेट दाखवायला त्यांनीच तो राखला होता. विसर्जनाला तीन महिने झाले, हॉलला कुलूप लागलं, तरी बसमध्ये रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखा तो भाग रिकामाच चालला होता. त्यात पंधरा दिवसांपूर्वी दोन घरांनी रस्त्यावर लक्ष ठेवणारे, रात्रंदिवस चित्रं पाठवत राहणारे कॅमेरे बसवले आणि उरलेल्या अर्ध्यात रेटारेटी सुरू झाली.

विसरले म्हणावं, तर तसंही नव्हतं. चार वर्षांपूर्वी बायकोला, जनाबाईंना, ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर ते पुटपुटले होते, "देवा, हिला परत आण. तुझा हिस्सा मी कधी काढणार नाही." केबलवाला दुसरं काय कबूल करणार? जनाबाई परत आल्या. तेव्हापासून दर विसर्जनानंतर ते हिस्सा काढायला बसत आणि हात मागे घेत.

दहा पन्नास झाले. त्यांनी घरी फोन लावला आणि चार वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बायकोला सांगून टाकलं. "भीती वाटते गं," ते म्हणाले.

जनाबाई म्हणाल्या, "नवस माझ्यासाठीच केला होता ना? मग मीच सांगते, काढा. हॉलला ताला लागलाय, तिथे देव काय करतोय? पोरांना द्या. काही व्हायचं तर मला होईल, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

त्यांनी फोन ठेवला आणि हिस्सा काढला. मग स्कूटर दामटत वल्लरीचं घर गाठलं.

तिच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिचे हात सरसर चालले होते आणि स्क्रीनवरची मुलं तितक्याच भराभर उत्तरं देत होती. दारातच गोपीनाथरावांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

डोळे उघडले, तर स्क्रीनवरचा एक मुलगा वल्लरीच्या खांद्यावरून त्यांच्याकडेच बघत होता. त्याला तो आपल्यालाच केलेला नमस्कार वाटला; त्यानेही हात जोडले. मग बाकीच्या सातांनी जोडले, आणि शेवटी तपासायला बसलेल्या बाईंनीही.