कोबीचा ट्रक आणि पाण्याचा मनोरा

माझ्या नवऱ्याने, येफिमने, कोबीचा ट्रक मागे घेताना पाण्याच्या मनोऱ्याला धडक दिली, आणि आमच्या गावाला अडतीस वर्षांत पहिल्यांदा मान वर करायची बुद्धी झाली.

वर बघतात तर काय, मनोरा कमरेत आत गेलेला! वर टाकी, खाली लोखंडी दांड्यांची जाळी, आणि मधोमध बारीक.

"वाकला!" नगर कचेरीचे अवेर्की सव्विच ओरडले. "टाकी रिकामी करा! आणि ड्रायव्हरला चौकशीला न्या."

"मनोरा जन्मापासून तसाच आहे," मी म्हटलं. त्या मनोऱ्याचा पंप मीच चालवते. पण आरोपीच्या बायकोचं कोण ऐकतं? चौकशी म्हणजे तुरुंग, हे सगळ्यांना ठाऊक होतं. येफिम ट्रकच्या पायरीवर बसून टोपी पिळत होता.

तेवढ्यात पाशा मावशी आल्या. बेकरी मनोऱ्याच्या अगदी पलीकडे; तरी ही बाई रोज अख्ख्या बाजाराला वळसा घालून पाव आणायची. मी त्यावरून त्यांना खूप चिडवलंय.

"अडतीस वर्षांपूर्वी मनोरा उभारताना मी इथे कामाला होते," त्या म्हणाल्या. "यातली एकही दांडी वाकडी नाही. सगळ्या सरळ, फक्त तिरक्या लावल्यात. तायसिया, मासे धरायची दोरी आण. ट्रक लागलेल्या दांडीच्या वरच्या टोकाला बांध."

दोरी दातांत धरून मी शिडी चढले, येफिम बसला होता त्याच्या बरोबर वर, टाकीखाली ती बांधली आणि दुसरं टोक खाली सोडलं. मावशींनी ती दांडीच्या बुडाशी ताणली. खाली टेकलेली दोरी वर येता येता दांडीपासून लांब लांब गेली.

"बघा! वाकलीच!" अवेर्की सव्विच जवळजवळ खूश झाले. येफिमने तोंड ओंजळीत लपवलं.

"अगं वेडे, डोकं आहे का खोकं?" मावशी खालून कडाडल्या. "दांडी तिरकी आहे ना? मग टोक डोक्यावर कसं सापडेल! बोट लावून वर वर जा."

मी दोरी सोडवून पुन्हा खाली आले, दांडीवर बोट ठेवलं आणि जाळीला धरून चढत गेले. बोट मला वळवत वळवत थेट बेकरीच्या बाजूला घेऊन गेलं. तिथे दोरी बांधली. मावशींनी ताणली, आणि ती दांडीला वरपासून खालपर्यंत अशी चिकटली की मध्ये नखसुद्धा शिरेना.

"रंग तेवढा उडालाय," अवेर्की सव्विच पुटपुटले. "रंग लावून घ्या."

येफिम लहान पोरासारखा रडला. मी त्याला आधी मिठी मारली, मग मागे न बघता ट्रक चालवल्याबद्दल यथेच्छ झापलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पाशा मावशी मात्र हातोडी घेऊन त्याच दांडीचा सांधा धरणारा एक रिव्हेट ठोकून बघत होत्या. टण्ण. पुन्हा टण्ण.

"हा मी थंड दिला होता," त्या हळूच म्हणाल्या. "अठरा वर्षांची होते. रिव्हेट लाल तापवून द्यायचं काम माझं; थंड ठोकला तर तो घट्ट बसत नाही. मुकादम ओरडेल म्हणून बोललेच नाही. वाटायचं, आज ना उद्या हा निसटेल आणि सगळं कोणाच्या तरी डोक्यावर कोसळेल."

"आणि?"

"आणि तुझ्या नवऱ्याने अख्खा ट्रक घातला, तरी हलला नाही गं."

त्यांनी डोळे पुसले, पिशवी उचलली, आणि मनोऱ्याच्या जाळीतून वाकून, बरोबर टाकीखालून, पाव आणायला निघाल्या.